कड सांगते माव्याची गोष्ट
कागदाच्या वाटीतला मावा केक हा मुंबईच्या इराणी बेकऱ्यांचा ठेवा. ग्रँट रोडच्या, १९१४ साली सुरू झालेल्या मेरवानमध्ये त्यासाठी सकाळीच गर्दी व्हायची. या रविवारी आमच्या भागातल्या तीन बेकऱ्यांचे मावा केक आणून चहासोबत चाखले. पहिल्यात नुसती वेलचीच, मावा शोधावा लागला. दुसरा मऊ, पण टाळूला वनस्पती तुपाचा थर चिकटला. तिसऱ्याची कड तांबूस, आतून ओलसर, रवाळ. माव्यातली साखर आणि प्रथिनं भट्टीच्या आचेवर एकत्र भाजली की येणारा पेढ्यासारखा खमंगपणा त्यात होता. वेलचीनं सुगंध द्यावा, चव माव्यानंच. म्हणून केक घेतलात की कागद सोलून आधी कड चाखा. माव्यातली काटकसर तिथे लपत नाही.