अंगावर काढू नये असे दुखणे

मराठीत आपण ‘अंगावरून पांढरे जाते’ असे म्हणतो. वडीलधाऱ्या स्त्रिया त्यालाच ‘धुपणी’ म्हणतात, तर वैद्य ‘श्वेतप्रदर’. इंदूर-ग्वाल्हेरकडे तेच ‘सफेद पानी’ होते. बेळगावची कन्नड शेजारीण ‘बिळी सेरगु’, म्हणजे पांढरा पदर, असा शब्द योजते आणि हैदराबादेतील तेलुगू परिचारिका ‘तेल्ल बट्ट’, म्हणजे पांढरे वस्त्र. पाण्याचा, पदराचा, वस्त्राचा आडोसा घेऊनच हा विषय बोलला जातो. शब्दांना आडोसा असण्यास आमची हरकत नाही. दुखण्याला असण्यास आहे.

डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत स्त्रियांची तपासणी केली होती. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. ती खेडी होती, आपण शहरात राहतो, असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. परंतु संकोच काही केवळ खेड्यात वसत नाही.

मात्र पांढरे जाणे हा प्रत्येक वेळी रोग नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. पाळीच्या वयात थोडा स्राव असतोच. दोन पाळ्यांच्या मध्यावर तो पारदर्शक असतो, पाकासारखी तार धरतो, पुढे दाट होतो, गरोदरपणी वाढतो. उग्र वास, खाज वा आग नसेल तर काळजीचे कारण नाही. त्यातून हाडे झिजतात ही समजूत निराधार आहे. अशक्तपणा वाटत असेल तर रक्त तपासून घ्यावे. त्याचे कारण बहुधा निराळेच निघते.

योनिमार्गाचे रक्षण करणारे जंतू तेथेच नांदत असतात, हे डॉडर्लाइन या जर्मन वैद्याने १८९२ मध्येच दाखवले होते. हे जंतू आपल्या विरजणातील जंतूंच्या गोत्रातले. ते आम्ल तयार करतात आणि त्यामुळे परके जंतू दूर राहतात. साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुणारी स्त्री स्वच्छतेच्या भरात या राखणदारांनाच हाकलून देते. बाहेरून साधे पाणी पुरे. (गोत्र एक म्हणून आत दही लावण्याचा सल्ला कोणी दिल्यास तोही मानू नये.)

नेहमीपेक्षा काही बदलले, की डॉक्टरांकडे जावे. दह्याच्या गाठींसारखा स्राव आणि असह्य खाज बहुधा बुरशीमुळे असते; पातळ, करडा, मासळीसारख्या वासाचा स्राव जिवाणूंचा समतोल ढळल्यामुळे; हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीमुळे. पण हे वर्णन वाचून घरच्या घरी निदान करू नये. लक्षणे एकमेकांत मिसळतात आणि औषधे मात्र अगदी वेगळी असतात. दुकानदाराने दिलेल्या खाजेच्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते; त्याने खाज दबते आणि बुरशी फोफावते. असा त्रास प्रथमच होत असेल, औषधाने थांबून दोन महिन्यांच्या आत परतत असेल, किंवा वर्षातून तीन-चार वेळा होत असेल, तर तपासणी हवीच. वारंवार होणाऱ्या त्रासात रक्तातील साखरही पाहावी. मधुमेहाचा पहिला सुगावा कित्येकींना असाच लागतो.

काही लक्षणांत दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. स्रावाबरोबर ताप वा ओटीपोटात दुखणे असेल, तर संसर्ग गर्भाशय व गर्भनलिकांपर्यंत पोहोचलेला असू शकतो. नलिका बंद झाल्यास पुढे मूल होण्यास अडचण येते. बाळंतपण, गर्भपात वा तांबी बसवल्यानंतर दुर्गंधी येऊ लागणे, गरोदरपणी रक्त वा एकाएकी पाणी जाणे, हीही त्याच दिवशी दाखवण्याची लक्षणे. पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, अथवा संबंधानंतर रक्त गेले, तर चालढकल न करता कर्करोगाची शंका तपासून दूर करून घ्यावी. पाळी न आलेल्या मुलीला स्राव होत असल्यास कारण जंताचे असेल, आत अडकलेल्या एखाद्या वस्तूचे असेल. कोणी तिच्याशी गैरवर्तन केले असण्याचीही शक्यता असते. तिला रागे न भरता विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आपल्या घरांत आणखी एक अडचण असते. सासूबाईंना येथील भाषा नीट येत नाही, म्हणून दुभाषी म्हणून मुलगा वा नातू बरोबर जातो आणि सांगावयाचे ते सारे मनातच राहते. अशा वेळी सुनेने वा लेकीने जावे. कोणीच नसेल तर कधीपासून, कोणता रंग, वास, खाज, शेवटची पाळी, चालू औषधे, एवढे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. स्त्री डॉक्टर हवी, तपासताना परिचारिका जवळ हवी, असे सांगण्यात गैर काही नाही. जाण्यापूर्वी आतून धुऊ नये. नमुना वाहून जातो.

राहता राहिले यजमान. ट्रायकोमोनासचे निदान झाल्यास त्यांना काहीही त्रास नसला तरी औषध दोघांनी घ्यावयाचे असते आणि उपचार पुरे होईपर्यंत संबंध टाळावयाचा असतो. पत्नीच्या चिठ्ठीवरील गोळ्या वाटून घेऊ नयेत. त्यांनी स्वतः डॉक्टरांकडे जाऊन आपली चिठ्ठी आणावी.