गारवा हवा, पण आग नको

गेल्या मे महिन्यात मी तंजावरला आजीकडे गेलो होतो. व्यंकोजीराजांच्या काळात तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे आजोळ आहे. आजीच्या गच्चीवर नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचा, म्हणजे झापांचा, मांडव आहे. फरशी पायाला चटके देत होती, पण झापांखाली दुपारी छान झोप लागत होती. मी म्हणालो, "आजी, शाळांवरही अशीच छपरं हवीत." आजी एकदम गंभीर झाली. तिने मला कुंभकोणमची हकीकत सांगितली.

कुंभकोणम तंजावर जिल्ह्यातच आहे. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात आग लागली, झापांचे छप्पर पेटले आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर तमिळनाडूत शाळांवर अशा छपरांना बंदी आली.

आज जगभर वास्तुविशारद वनस्पतींचे धागे आणि बुरशी यांपासून बांधकामाचे साहित्य बनवत आहेत. सिमेंट आणि पत्रा कमी वापरावा, हे मलाही पटते. पण नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित आहे, असे मानणे चूक आहे. त्याचबरोबर, झाप जळतात म्हणून ते विणण्याची कलाच सोडून देणे हीसुद्धा चूकच आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने गवती छपरावर डांबरमिश्रित मातीचा लेप देऊन ते सहज पेटणार नाही अशी पद्धत काढली आहे. म्हणजे उपाय शोधला तर सापडतो.

माझे मत असे आहे. मुलांच्या डोक्यावरचे छप्पर पक्केच असावे. विणलेली वस्तू त्याच्या वर किंवा बाहेर असावी. तंजावरकडे नारळ भरपूर, त्यामुळे काथ्याही भरपूर. काथ्या ओल्या मातीत लवकर कुजत नाही. म्हणून उतारावर काथ्याची जाळी अंथरून तिच्यातून गवत वाढवतात. पुढे जाळी कुजली तरी मुळे माती धरून ठेवतात. हेच जिवंत कापड! पाणी झिरपणार नाही अशी काळजी घेऊन गच्चीवरही अशी हिरवी चटई वाढवता येईल. खिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे लावता येतील.

मात्र पाणी तुटले की ही चटईही वाळेल, आणि वाळलेली चटई पेटू शकते. म्हणून जिवंत कापडाला रोजची ड्युटी लागते. आपण कॅडेट रात्री पहारा देतो, तसा एक पहारा गच्चीवरच्या पाण्याचाही असावा. त्या यादीत माझे नाव पहिले लिहा.