थोडा धूसर, पण आपला

“आई, फोटो शार्प नाही आलाय गं!” लेक म्हणाला. रत्नागिरीच्या आमच्या घरात, माजघरातल्या मंद उजेडात, त्याच्या ५० मि.मी., एफ १.८ लेन्सने मी सासूबाईंचा फोटो काढला होता. फ्लॅश नाही, लेन्स पूर्ण उघडी. त्यामुळे डोळे तेवढे स्पष्ट, बाकी सारं मऊ, धूसर. कलकत्त्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनला पहिला कॅमेरा १८६३मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी मिळाला. तिच्या धूसर फोटोंनाही जाणकारांनी नावं ठेवली. ती बधली नाही. सासूबाई आता नाहीत. स्टुडिओतला फोटो केस न् केस दाखवतो, पण त्यात त्या अवघडलेल्या. म्हणून भिंतीवर हाच लावलाय. मैत्रिणींनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आजच काढा. शार्पनेसचं नंतर बघू!