जास्त गरीब कोण? घरकुलाच्या दोन लाखांवरून झालेलं भांडण

पोस्ट लांब झालीय, पण विषय आपल्या दारातला आहे. वेळ काढून वाचा आणि मग भांडायचं तर खाली भांडा.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका ग्रामसभेला गेलो होतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हे भांडण आज तिथे झालं, उद्या तुमच्या गावात होईल. विषय होता घरकुलाचा. यादी वाचून झाली आणि धनगरवाडीतले एक मामा उठले. साठीच्या पुढचे, डोंगर उतरून दोन तास चालत आलेले. म्हणाले, "कातकऱ्यांना दोन लाख आणि आम्हाला एक लाख वीस हजार? आम्ही काय बंगल्यात राहतो?"

सभेत कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, बरोबर आहे. कोणी म्हणालं, "त्यांना देऊन काय उपयोग, पैसे टिकतात का त्यांच्याकडे?" दरवाजाजवळ कातकरी वाडीतल्या तीनचार बायका उभ्या होत्या. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी उभ्या होत्या. त्यातली एक ताई हळू आवाजात म्हणाली, "दोन लाख कागदावर हायत. घर बांधायचा कुठं? जागा आमची नाय."

तिचं बोलणं पुढच्या दोन रांगांपलीकडे कोणाला ऐकू गेलं नसेल. पुढचा विषय सुरू झाला.

आकडे आधी स्पष्ट करतो. प्रधानमंत्री आवास योजनेत मूळ रक्कम साध्या भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. कातकऱ्यांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम-जनमन योजना आहे, तिच्यात घराला २ लाख. ही योजना देशातल्या ७५ अतिअसुरक्षित आदिवासी समूहांसाठी आहे. महाराष्ट्रात असे तीनच समूह : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. धनगर समाज राज्याच्या यादीत भटक्या जमाती (क) मध्ये, साडेतीन टक्के आरक्षण. म्हणजे खाती वेगळी, योजना वेगळ्या, रकमा वेगळ्या.

आता प्रश्न असा, की दोघांत जास्त गरीब कोण?

माझं सावर्ड्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. दोन्ही वाड्यांतली माणसं माझ्याकडे येतात. कोणाच्या पिशवीत कुठला कागद आहे आणि कुठला नाही, हे मला रोज दिसतं. त्यावरून सांगतो, उत्पन्नाच्या दाखल्यावरून हे कधीच कळणार नाही. दोघांच्या दाखल्यावर आकडा जवळपास सारखाच असतो. गरिबी मोजायची तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न : घराखालची जमीन कोणाची?

धनगरवाडीतल्या बऱ्याच जणांकडे निदान घर स्वतःच्या ताब्यातल्या जमिनीवर आहे. कुळाची असेल, सामायिक असेल, नकाशात भानगड असेल, पण 'उठ' म्हणणारा सहसा कोणी नाही. कातकऱ्यांचं तसं नाही. कोकणातल्या कितीतरी कातकरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. आजोबांनी मालकाच्या शेतावर राबायला बोलावलं, बांधाला झोपडी घालायला सांगितली, तीन पिढ्या गेल्या. १९४९ च्या कायद्याने खोती संपली, पण ज्याचं नाव कुळ म्हणून कधी लागलंच नाही, त्याच्या हातात काय आलं? हायवे चौपदरी व्हायला लागल्यापासून जमिनीचे भाव कुठे गेलेत ते तुम्हाला माहीत आहे. जमीन विकायला निघाली की आधी आठवण येते ती कोपऱ्यातल्या झोपड्यांची.

दुसरा प्रश्न : कागद कुठून आणायचा?

अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. भटक्या जमातीसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. ज्याचा आजोबा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर गुंठा नव्हता, जो आज या रानात तर उद्या त्या भट्टीवर, त्याने १९५० चा कागद कुठून काढायचा? धनगर मामांना निदान कुठेतरी गुरचराईची, कुळाची, शाळेची नोंद सापडते. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा परत जाणारी माणसं कातकरी असतात. कातकऱ्यांच्या योजना बघणारं आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय आहे रायगडात, पेणला. सावर्ड्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब. एक फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली.

तिसरा प्रश्न : वर्षातले किती महिने माणूस घरी असतो?

कातकरी कुटुंब पावसाळ्यात हातात काम नसताना मुकादमाकडून उचल घेतं. दिवाळी झाली की पोराबाळांसकट वीटभट्टीवर नाहीतर कोळसा भट्टीवर. परत येतं ते पावसाच्या तोंडावर. उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी तोच मुकादम. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ सालचा आहे, पण उचलीचा हिशोब ज्याच्या वहीत, दर ठरवणारा तोच. पोरांची शाळा अर्ध्यात सुटते ती इथे. धनगरवाडीत वेगळी गंमत. तिथे तरुण मुलं मुंबई-पुण्याला, आणि घरात म्हातारी माणसं आणि दोन म्हशी. हातात रोख पैसा बघितला तर भट्टीच्या हंगामात कातकरी जोडप्याकडे त्या म्हाताऱ्या जोडप्यापेक्षा जास्त असू शकतो. मग कातकरी श्रीमंत झाला का?

चौथा प्रश्न : आजारी पडलं तर?

इथे मात्र मामांची बाजू जड आहे. कातकरी वाडी बहुतेक वेळा गावाच्या कडेला, रस्त्याच्या आसपास असते. डेरवणचं हॉस्पिटल आपल्या भागाला जवळ आहे, रिक्षा मिळाली की पोचलं. धनगरवाडीतून पेशंट डोलीत घालून आणावा लागतो. पावसात ओढे भरले की तेही नाही. आणि हेच घरकुलालाही लागू आहे. सिमेंटची गोणी रस्त्यावर ज्या भावाला मिळते, तीच डोक्यावरून डोंगरावर न्यायची तर मजुरी वेगळी. वाळू, खडी, पत्रे, सगळं तसंच. म्हणजे खालचे एक लाख वीस हजार वर पोचेपर्यंत किती उरतात, ते मामांना विचारा. त्यांचा राग खोटा नाही. फक्त तो चुकीच्या माणसांवर निघाला.

पाचवा प्रश्न : योजना आखताना आपल्याला कोणी विचारलं होतं का?

धनगरांसाठी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे. मेंढ्यांची. आता आपल्या सह्याद्रीतले गवळी धनगर म्हशी आणि गाई पाळणारे. आपल्या पावसात मेंढ्या पाळायच्या कुठे? घाटावर बसून योजना केली की असं होतं. कातकऱ्यांना घर दिलं, त्याखालची जमीन द्यायची राहिली. दोन्ही ठिकाणी चूक एकच.

आता जरा लांबचं सांगतो, पण मुद्दा इथलाच आहे.

अमेरिकेत मोंटाना राज्यात ब्लॅकफीट नावाचा आदिवासी समाज आहे. त्यांच्या राखीव प्रदेशाचं क्षेत्र सुमारे १५ लाख एकर. म्हणजे जमीन आहे. शिवाय देश जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी. तरी गरिबी सुटली नाही. कारण त्या जमिनीचे भाडे, तेल, लाकूड यांचे पैसे सरकार 'विश्वस्त' म्हणून सांभाळत होतं आणि हिशोबच नीट ठेवलेला नव्हता. त्याच समाजातल्या एलोईज कोबेल या बाईंनी १९९६ मध्ये सरकारवर दावा लावला. त्या स्वतः जमातीच्या खजिनदार राहिलेल्या, हिशोबाच्या पक्क्या. २००९ मध्ये ३४० कोटी डॉलरवर तडजोड झाली. २०११ मध्ये त्या गेल्या.

दुसरीकडे दक्षिण आफ्रिका. तिथे १९१३ च्या कायद्याने बहुसंख्य काळ्या लोकांना देशातली जेमतेम सात टक्के जमीन ठेवली, बाकीच्या जमिनीत त्यांना खरेदीलाही बंदी. १९९४ मध्ये मत मिळालं, सरकार त्यांचं आलं, जमीन परत देण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला. पण आजही तो देश जगातल्या सगळ्यात विषम देशांत मोजला जातो.

यातला जास्त गरीब कोण? ब्लॅकफीट माणसाकडे कदाचित जुनी का होईना गाडी असेल, आफ्रिकेतल्या खेड्यातल्या माणसाकडे नसेल. पण डॉलरचे रँडमध्ये आकडे करून काही कळत नाही. एकाकडे जमीन होती, हिशोब दुसऱ्याच्या हातात. एकाकडे मत आलं, जमीन आली नाही. रोग वेगळे, म्हणून औषधं वेगळी. आणि देशाच्या सरासरीत दोघेही दिसत नाहीत.

आपल्याकडेही सरासरीचा हाच खेळ आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार. त्यात अनुसूचित जमातीचे लोक सुमारे सव्वा टक्का. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढा, साक्षरता काढा, हा सव्वा टक्का कुठे जातो कळतसुद्धा नाही. आणि मतांच्या हिशोबातही तसंच. म्हणून तर ती ताई दरवाजात उभी होती.

आणि एक गोष्ट फक्त सावर्डेकरांसाठी. कातकरी हे नाव आलं कातावरून. खैराचा गाभा तासून, त्याच्या ढलप्या उकळून, आटवून कात काढायची कला या लोकांची. १८७८ च्या वन कायद्यानंतर रानं राखीव झाली आणि खैर तोडणारा कातकरी एका फटक्यात गुन्हेगार ठरला. आज कात कुठे बनतो? आपल्या सावर्ड्यात. कारखाने आहेत, ट्रक येतात जातात, खैर लावणारा शेतकरीही दोन पैसे कमावतो, आणि ते चांगलंच आहे. पण ज्यांच्या नावातच कात आहे, ते या धंद्यात कुठे आहेत? मालकांत मला एकही माहीत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी 'त्यांच्याकडे पैसे टिकत नाहीत' म्हणायला जीभ अडखळेल.

मी स्वतः ते वाक्य कित्येक वर्षं बोललोय. कबूल करतो. आणखी एक कबूल करायचंय. आमच्या सामायिक सातबाऱ्यावर कातकऱ्यांची चार घरं आहेत. माझ्या जन्माच्या आधीपासून. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली सात मुंबईत. ग्रामसभेहून आल्यावर मी सगळ्यांना फोन केले, म्हटलं चार घरांखालची जागा त्यांच्या नावावर करून देऊ, फार तर चार गुंठे जातील. सहाजण हो म्हणाले. तिघं म्हणाले बघू. एक चुलतभाऊ म्हणाला, "आज चार गुंठे, उद्या चाळीस मागतील." मी त्याला विचारलं, शेवटचा गावी कधी आला होतास? सहा वर्षांपूर्वी, गणपतीला. भांडण झालं. अजून फोन बंद आहे. पण मी सोडणार नाही.

म्हणून हे सगळं लिहिलं. ग्रामसभेत आपण दोन गरिबांना एकमेकांसमोर उभं केलं आणि ज्यांच्याकडे जमीन आहे ते आपण खुर्चीत बसून बघत राहिलो.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

एक, पुढच्या ग्रामसभेत वाडीनिहाय तक्ता मांडा. घराखालची जागा कोणाची, जातीचा दाखला आहे का, वर्षातले किती महिने स्थलांतर, दवाखान्यापर्यंत रस्ता, शाळा सुटलेली मुलं. पाचच रकाने. एक रविवार पुरेल. झेरॉक्स मी फुकट देतो.

दोन, कातकऱ्यांच्या घरकुलाआधी जागेचा प्रश्न. जागा खरेदीसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंत. आणि जंगलातल्या वहिवाटीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. अर्ज करायला मदत लागते ती आपण करू.

तीन, धनगरवाडीला आधी रस्ता. आणि रस्ता होईपर्यंत घरकुलाचं सामान वर न्यायचा खर्च कुठून तरी द्या. मेंढ्या नकोत, दूध खाली आणायची सोय द्या.

जास्त गरीब कोण, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण कोणाला आधी काय लागतंय, ते माझ्या काउंटरवर रोज दिसतं.

तुमच्या सातबाऱ्यावर अशी घरं आहेत का? असतील तर निदान घरच्यांशी एकदा बोला. आणि तुमच्या वाडीची परिस्थिती वेगळी असेल, माझं काही चुकलं असेल, तर खाली लिहा. वाचतो मी सगळं.