‘काही नाही’चे दुखणे

नववीतली मुलगी. पाच महिने झाले, पोट दुखते आहे. सोनोग्राफी झाली, रक्त, लघवी, शौच सारे तपासून झाले, कुणाच्या तरी सल्ल्याने दुर्बिणीने आत डोकावूनही झाले. डॉक्टर फाइल मिटतात आणि मुलीकडे नव्हे, आईकडे बघून म्हणतात, ‘‘काही नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’’ आईच्या छातीवरचा धोंडा उतरतो. मुलीच्या पोटातली कळ तिथेच असते. परतीच्या रिक्षात ती पोटाशी दप्तर दाबून बसते आणि आई पहिल्यांदाच जरा कडक आवाजात विचारते, ‘‘घटक चाचणी कधी आहे गं तुझी?’’

अशी मुलगी कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या ओळखीची असते. डॉक्टरांना म्हणायचे असते, घातक असे काही सापडले नाही. मुलगी ऐकते, तू खोटे बोलतेस.

यात थोडा दोष भाषेचाही आहे. मराठीत दुखणे म्हणजे वेदना आणि दुखणे म्हणजे आजारही. माणूस दुखण्यातून उठतो, घरात दुखणेकरी असतो, वय झाले की दुखणी मागे लागतात. दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदत असल्याने आजार सापडला नाही की वेदनाही नाही, असा हिशेब आपण नकळत करून मोकळे होतो. खरे तर वेदनेच्या छटा टिपण्यात हीच भाषा केवढी श्रीमंत: ठणका, सणक, चमक, रग, ठसठस, चुरचुर, मुरडा. एवढी शब्दसंपत्ती घरात असताना त्या मुलीला ‘नेमके कसे दुखते?’ असे विचारायचे मात्र कुणाला सुचत नाही.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उलटणारी वेदना जुनाट मानतात. ठिकठिकाणच्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण पाचातल्या एका मुलाला ती भोगावी लागते. डोके, पोट, पाठ, हातपाय या नेहमीच्या जागा. वयात येताना प्रमाण वाढते आणि मुलींमध्ये ते अधिक असते. यातल्या अनेकांच्या शरीरात यंत्राला दिसेल अशी इजा नसते, किंवा होती ती केव्हाच भरून आलेली असते. मग दुखते का? याचे उत्तर विज्ञानाकडे आहे आणि ते चौदा वर्षांच्या मुलीला समजेल इतके सोपेही आहे.

तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रतिक्षिप्त क्रियेची आकृती असते. गरम भांड्याला हात लागतो, संदेश मज्जारज्जूत जातो, हात मागे येतो. आकृती बरोबरच आहे, पण मनात ठसते ते वेगळेच: जेवढी इजा, तेवढी वेदना. सतराव्या शतकात तत्त्वज्ञ देकार्तचीही समजूत अशीच होती, इकडे दोरी ओढली की तिकडे घंटा वाजणार. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी त्या दोरीच्या वाटेत, मज्जारज्जूत, एक फाटक दाखवले, आणि ते उघडण्या-मिटण्यात मेंदूचाही हात असतो असे मांडले. आमच्या वृत्तपत्राच्या धंद्यातले उदाहरण द्यायचे तर, नसा म्हणजे बातमीदार. बातमी ते पाठवतात, पण ती आतल्या पानात टाकायची की पहिल्या पानावर आठ कॉलमी मथळ्याने, हे डेस्क ठरवते. वेदना म्हणजे तो मथळा.

१९९५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एका २९ वर्षांच्या बांधकाम कामगाराची हकिगत छापली होती. उडी मारताना १५ सेंटीमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. वेदना इतकी की खिळा जरा हलला तरी सहन होईना, गुंगीची औषधे द्यावी लागली. बूट उतरवला तर खिळा दोन बोटांच्या फटीतून गेलेला, पायाला ओरखडासुद्धा नाही. मथळा आठ कॉलमी आणि खाली बातमीच नाही. तरी त्या गड्याची वेदना खोटी नव्हती.

जुनाट वेदनेत डेस्कच हळवे होऊन बसते. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तसे मज्जासंस्थेचे होते. कधी काळी पोटात संसर्ग झाला, तो बराही झाला, पण आता जेवणानंतरची आतड्यांची रोजची हालचालही तिला धोक्याची वाटू लागते. झोप कमी पडली, परीक्षा आली, वर्गात कुणी टोमणा मारला की हे फुंकणे वाढते. म्हणजे परीक्षेने दुखणे वाढते हे आईचे निरीक्षण खरे, निष्कर्ष तेवढा चुकीचा.

ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड बटलर आणि लॉरिमर मोझली या फिजिओथेरपिस्टांनी २००३ मध्ये रुग्णांना वेदना उलगडून सांगणारे पुस्तकच काढले. बेल्जियममध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी अशाच समजावणीचा पटावरचा खेळ केला गेला. किशोरवयाचे गणित मात्र वेगळे असते. या मुलांना कार्टून नको असते आणि आईमार्फत निरोपही नको असतो. त्यांच्याशी थेट बोलावे लागते, आणि बोलण्याचा क्रमही सांभाळावा लागतो. ‘वेदना मेंदूत तयार होते’ एवढेच सांगून उठलात, तर आपल्याकडे घरी पोहोचेपर्यंत त्याचे ‘मनाचे खेळ’ झालेले असतात. आधी ‘तुला दुखते, हे खरे आहे’, मग मेंदू. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली, तेव्हा माणूस दुखते म्हणतो त्याचा मान राखावा, हे सोबतच्या टिपेत लिहून ठेवले.

नुसत्या समजावण्याने कळ थांबते असा दावा कुणी करू नये. थोडी थोडी वाढवत नेलेली हालचाल, झोप, गरज पडल्यास समुपदेशन आणि शाळेत परतणे, हे सगळे सोबत लागते. समजावणे लागते ते यासाठी, की हलल्याने आत काहीतरी फाटेल या भीतीने मूल अंथरूण धरते. आणि तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. वजन घटते आहे, शौचात रक्त आहे, ताप हटत नाही, तिथे हे ताकाचे उदाहरण देत बसणे गुन्हा ठरेल. विदर्भात, नंदुरबारात सिकलसेलने कळवळणाऱ्या पोराच्या रक्तवाहिन्या त्या क्षणी खरोखर तुंबलेल्या असतात. त्याला आधी वेदनाशामक हवे, व्याख्यान नंतर.

अडचण पैशाची आहे. एमआरआयचे काही हजार आपण कुरकुरत का होईना, मोजतो. वीस मिनिटे बोलण्याचे बिल डॉक्टरने लावले तर ‘नुसते बोलले’ म्हणून बोभाटा होतो. त्यामुळे बोलणे टळते आणि आणखी एक तपासणी लिहिली जाते.

तोवर शाळेत ७५ टक्के हजेरीचा प्रश्न उभा राहतो. वर्गशिक्षिका वैद्यकीय दाखला मागतात. दाखल्यावर आजाराचे नाव लिहायची जागा असते, आणि रिपोर्ट नॉर्मल असलेल्या मुलीसाठी तिथे काय लिहायचे म्हणून डॉक्टरांचे पेन अडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, अशा वेदनेला आजार म्हणून स्वतःचे नाव आहे: क्रॉनिक प्रायमरी पेन. दाखल्यावरच्या त्या रेघेवर ते बसते.