घरगुती उद्योगाचा अलिखित खर्च

घरी राहून चार पैसे मिळविणाऱ्या गृहिणीचे कौतुक करण्याची आपल्या समाजास सवय आहे. पोळीभाजीचे डबे, शिवणकाम, मसाले, दिवाळीचा फराळ अशा उद्योगांतून संसारास हातभार लावणारी स्त्री स्वावलंबनाचे प्रतीक मानली जाते. तिच्या घरी सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता वा बौद्धिक अक्षमता असलेले मूल असेल, तर कौतुकास आदराचीही जोड मिळते. तथापि हा उद्योग तिने निवडला की तिच्यापुढे दुसरा मार्गच उरला नव्हता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

अशा मुलाची शाळा अनेकदा दूर असते, ने-आण करावी लागते, व्यायामोपचाराच्या वेळा ठरलेल्या असतात आणि फिट केव्हा येईल याचा नेम नसतो. दहा ते साडेपाचची नोकरी या दिनक्रमात बसत नाही. मग नोकरी सुटते ती बहुधा आईचीच. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार 15 ते 59 वयोगटात घरातील माणसांची देखभाल करणाऱ्या स्त्रिया या कामी दिवसाला सुमारे 140 मिनिटे देतात, तर पुरुष 74 मिनिटे. हे सर्वसाधारण कुटुंबांचे चित्र आहे. जिथे बारा वर्षांच्या मुलासही हाताने भरवावे लागते, तिथे हा भार किती वाढत असेल याची कल्पना करता येईल.

आता तिच्या उद्योगाचा हिशेब मांडून पाहू. समजा, एखादी स्त्री महिन्याला 12,000 रुपयांचे डबे विकते. शिधा, गॅस व पोचविण्याचा खर्च 7,000 रुपये वजा जाता 5,000 उरतात. महिन्यातून 25 दिवस रोज चार तास काम धरले, तर तासाला 50 रुपये पडले. परंतु मूल आजारी पडून चार दिवस डबे बंद राहिले की तेवढी विक्री तर बुडतेच, शिवाय नियमित गिऱ्हाईक दुसरीकडे जाते. म्हणून ती मोठी मागणी स्वीकारीत नाही. फुटकळ, कमी दराच्या कामांवरच भागवते. भांडवलापेक्षाही तिला तुटवडा असतो तो अखंड वेळेचा, आणि तो कोणतीही बँक कर्जाऊ देत नाही. दिव्यांगांसाठीच्या स्वयंरोजगार कर्जयोजनांची मर्यादा नेमकी हीच आहे: वेळेची सोय नसताना दिलेले कर्ज हे साहाय्य न ठरता हप्त्यांचे ओझे ठरते.

शासनाच्या सवलतीही या स्त्रीपर्यंत पोहोचत नाहीत. दिव्यांग अवलंबितासाठी प्राप्तिकरात 75,000 रुपयांची, आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट मिळते. तीही जुन्या करपद्धतीतच. जिचे उत्पन्न करपात्रच नाही तिला तिचा काय उपयोग? केंद्र सरकारच्या स्त्री कर्मचाऱ्यांस सेवाकाळात 730 दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि दिव्यांग अपत्याच्या बाबतीत तिला वयाची अट नाही. एप्रिल 2024 मध्ये हिमाचल प्रदेशातील एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा मातांच्या रजेचा फेरविचार करण्याचा आदेश त्या राज्यास दिला. निर्णय स्वागतार्ह आहे; पण डबे करणारीने रजा मागावी कोणाकडे?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींकरिता देखभाल-भत्त्याची तरतूद केली आहे. मात्र ही सामाजिक सुरक्षा शासनाने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत द्यावी, अशी पळवाटही त्याच कलमात आहे. केरळने 'आश्वासकिरणम्' योजनेद्वारे देखभाल करणाऱ्यांना मासिक साहाय्य देऊ केले. रक्कम अवघी काहीशे रुपयांची असली तरी तत्त्व मान्य झाले. ब्रिटनमध्ये 1976 साली असा भत्ता सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांना वगळण्यात आले होते, कारण त्या एरवीही घरीच असतात असे गृहीत धरलेले होते. युरोपीय न्यायालयाचा निकाल लागून ही चूक सुधारण्यास 1986 साल उजाडले. ते गृहीतक आपल्याकडे आजही कायम आहे.

मार्ग नाही असे नाही. 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापड संस्थेत पीठ संस्था देते, विक्री संस्था पाहते; स्त्री घरी पापड लाटते आणि मजुरी घेते. एखाद्या दिवशी ती आली नाही तरी गिऱ्हाईक तुटत नाही. धोक्याची ही वाटणी बचतगटांमार्फत विशेष मुलांच्या मातांसाठीही करता येईल. तिला जोड हवी ती तालुक्याच्या गावी अर्ध्या दिवसाच्या संगोपन-केंद्राची. मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो. त्यापुढील मुलांसाठी कर्मशाळा हव्यात. आणि घरातील पुरुषाने आपली 74 मिनिटे वाढविण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही.

या मातांचे श्रम फुकट आहेत असे समजून आजवर शासनाचे व समाजाचे अंदाजपत्रक जुळविले गेले. तो खर्च हिशेबात धरल्याखेरीज त्यांच्या स्वावलंबनाचे कौतुक करण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही.