बातमीदाराची बढती

एखादा मुलगा गावात राहून पेपरात बातम्या लिहितो असं कळलं, की आपल्या मध्यमवर्गीय माणसाच्या चेहऱ्यावर एक भाव उमटतो. छत्तीस गुण जुळावेत आणि शेवटी मंगळ निघावा, तसा. ‘‘हो का? छान, छान! मग मोठ्या पेपरात कधी?’’ आमच्या थळात शेजारच्या पोराला हा प्रश्न बाजारात मासळी घेताना, एस.टी.त आणि एकदा तर मर्तिकालाही विचारून झाला आहे. विचारणाऱ्यांपैकी एकानेही त्याचा पेपर विकत घेतलेला नाही. सगळे सलूनमध्ये फुकट वाचतात, तोही गालाला फेस लागलेला असताना.

माझा आक्षेप त्या ‘मोठ्या’ शब्दावर आहे. मोठ्या पेपरचा खप मोठा, इमारत मोठी, कँटीन मोठं, सगळं कबूल. पण त्यात थळ केवढं? बोटाच्या पेराएवढं, आणि तेही काही भयंकर घडलं तर. २०२२ च्या ऑक्टोबरात इथल्या खत कारखान्यात स्फोट होऊन तीन माणसं गेली, तेव्हा थळचं नाव राज्यभर छापून आलं. स्फोट काही रोज होत नाहीत, आणि होऊही नयेत. जमीन गेलेल्यांच्या नोकऱ्यांचा प्रश्न मात्र रोजचाच असतो. उधाणाची भरती येते, खारबंदिस्ती फुटते, खारं पाणी भाताच्या शेतात शिरतं आणि मग बांध कुणाच्या हद्दीत यावर दोन खाती कागद फिरवत बसतात. ही बातमी लिहायला चिखलात उतरावं लागतं, आणि सहा महिन्यांनी परत उतरावं लागतं, कारण बांध तसाच असतो. मुंबईहून आलेल्या माणसाचं अर्धं लक्ष मांडव्याच्या परतीच्या बोटीकडे. तो कसला दुसऱ्यांदा येतो!

आता आमची बँक घ्या. ऑफिसरच्या परीक्षेला मुद्दाम न बसणारे डझनभर कारकून मी दाखवतो, त्यात एक मीही आहे. बढती म्हणजे बदली. आईबाप, घर आणि परसातली दोन कलमं सोडून भंडाऱ्याला कोण जातो? यावर गाव आम्हांला ‘हुशार’ म्हणतं! आणि बातमीदार गावात थांबला की ‘राहिला बिचारा’. समोर खांदेरी आहे. शिवाजीमहाराजांनी १६७९ साली तिच्यावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हापासून ती तिथेच आहे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, तीही जागेवरूनच. ‘गेटवेजवळ कधी येतेस?’ असं तिला कुणी विचारलं नाही.

छोट्या जागेतून मोठं काम होत नसतं म्हणणाऱ्यांनी आमच्या अलिबाग तालुक्याचा इतिहास वाचावा. चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांची जमीन कसली नाही. त्या संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी १९३७ साली ‘कृषीवल’ काढला, तो अलिबागेतून आजही निघतो. तिकडे मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून १९६७ पर्यंत ‘दीनमित्र’ नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून चालवला, त्यात बराच काळ तरवडीहून.

इथे आमचे एक निवृत्त मास्तर हटकून बाळशास्त्री जांभेकर काढतात. ते पोंभुर्ल्यालाच राहिले असते, तर १८३२ साली ‘दर्पण’ निघाला असता का? नसता निघाला, मास्तर. पण तेव्हा पोंभुर्ल्याला छापखाना नव्हता. आज थळच्या वाळूत बसून पोरगं फोनवर बातमी लिहितं आणि दुसऱ्या मिनिटाला ती मुंबईत असते. बातमी पोचली, तर वर माणूस कशाला न्यायचा?

तरीही मी त्याला ‘राहा’ म्हणत नाही. मी बी.कॉम. आहे, मला हिशेब कळतो. त्याच्या मानधनात मोटारसायकलचं पेट्रोल बसवलं तर मोबाइलचा रिचार्ज बाहेर पडतो. खरी मिळकत जाहिरातींच्या कमिशनची. सोमवारी ज्या पुढाऱ्याच्या रस्त्यावरचे खड्डे मोजायचे, मंगळवारी त्याच्याच दारात वाढदिवसाची जाहिरात मागायला उभं राहायचं. वर वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट निराळंच. आमच्याकडे कॅशियरलाच ऑडिटर नेमला तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागेल. पेपरवाले हेच बिनदिक्कत करतात आणि वर निर्भीड म्हणवतात.

तर त्या पोराला आता मुंबईच्या एका कचेरीतून बोलावणं आलं आहे. काम काय, तर जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या बातम्या कापून चार ओळींत बसवायच्या! ‘‘माझ्या जागी थळला कोण?’’ असं त्याने विचारलं, तर साहेब म्हणाले, ‘‘बघा कुणी जाहिराती आणणारा. बातम्या काय, येतच असतात.’’ पोरगं मला म्हणालं, ‘‘काका, पगार महिन्याच्या महिन्याला आहे.’’ यावर काय बोलणार? आमचीही नोकरी त्याचसाठी.

गावाने मात्र त्याचा जाहीर सत्कार ठरवला आहे. समिती वर्गणीला आली, तेव्हा मी म्हटलं, शाल-श्रीफळाचा सगळा खर्च माझा. फक्त आधी पन्नास घरांनी पेपरची वर्षाची वर्गणी भरल्याच्या पावत्या दाखवा. तेव्हापासून समिती माझ्या दारावरून न जाता बाजाराकडून वळसा घालून जाते.